शेवटच्या रांगेतला चेहरा

दुकानाचं कुलूप लावून चार पावलं गेलं की परत येऊन ते ओढून बघायची सुकुमार मगदूम यांना सवय होती. इचलकरंजीच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. औषधाच्या पाकिटावरची तारीख ते दोनदा वाचत आणि गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की त्याला हाक मारून तिसऱ्यांदा वाचत. त्यांची बायको पद्मल म्हणायची, "लग्नात अंतरपाट काढला तेव्हासुद्धा यांनी पंडिताकडं बघितलं. हीच का ती, म्हणून!"

अशा माणसाने आयुष्यात एकदाच ठामपणे बोट दाखवलं होतं.

त्यांच्या औषधाच्या दुकानासमोर अभिनंदन खोत नावाच्या तरुणाचं बॅटरी बदलून द्यायचं केंद्र होतं. दुचाकी यायची, उतरलेली बॅटरी काढून भरलेली बसवून घ्यायची आणि जायची. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका दुपारी त्या केंद्राच्या दारात कुणीतरी अभिनंदनला भोसकून मारलं आणि मारणारा पळून गेला. केंद्राला कॅमेरा होता, पण त्याच्यापुढे उन्हासाठी लावलेली ताडपत्री फडफडत होती. गल्लीत आणखीही माणसं होती. पोलिसांपुढे कुणी म्हणालं डोळा लागला होता, कुणी म्हणालं पाठ होती. सुकुमार मगदूम म्हणाले, "मी बघितलं."

त्यांनी चेहऱ्याचं वर्णन केलं. पोलिसांच्या संगणकाने त्यावरून चित्र काढलं. चित्र बघून एक हवालदार म्हणाला, हा तर लोहारांचा समर्थ. समर्थ लोहार त्याच भागात यंत्रमागावर कामाला होता, आणि बॅटरी लवकर उतरते म्हणून त्याचं अभिनंदनशी एकदा भांडणही झालं होतं. मग तुरुंगात ओळख परेड झाली. तहसीलदारांसमोर साधारण सारख्या वयाची, सारख्या बांध्याची पोरं रांगेत उभी केली होती. सुकुमार सरळ चालत गेले आणि समर्थपुढे थांबले. कोर्टातही त्यांनी त्याच्याकडेच बोट केलं. समर्थला जन्मठेप झाली.

तेव्हापासून अभिनंदनची आई सरोजक्का त्यांना भाऊबीजेला ओवाळायची. नवरा आधीच गेलेला, एकुलता एक मुलगा असा गेला. गल्लीत बाकी कुणाच्या घरी ती पाऊल टाकत नसे. "सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी हुती," ती म्हणायची. "अण्णा तेवढं बोललं." लोकही आता मगदूमांकडे वेगळ्या नजरेने बघत. महापालिकेच्या सभेत कुणी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगायचं तर, बरंही वाटायचं.

त्या दुपारी जी बाई दुकानात आली ती औषध घ्यायला आलेली नव्हती.

"काका, मी तबस्सुम मुजावर. समर्थ लोहारचं अपील मी चालवतेय, कोल्हापूरला हायकोर्टात."

"मला सांगायचं ते मी खालच्या कोर्टात सांगितलंय," सुकुमार म्हणाले.

"सांगितलंय. आणि सगळा निकाल त्याच्यावरच उभा आहे. बाकी काय आहे? एकदा झालेलं भांडण, आणि त्या दुपारी तो मागावर नव्हता. हत्यार सापडलं नाही, कपड्यावर रक्त नाही. एवढ्यावर कुणाला जन्मठेप होत नाही काका. तुमच्या बोटावर झाली."

"मी खोटं बोललो म्हणताय?"

"छे हो! खोटं बोलणारा साक्षीदार मला परवडतो, तो उलटतपासणीत सापडतो. तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस सापडत नाही." ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "तुम्ही स्तरलेखाबद्दल वाचलं असेल."

त्यांनी वाचलं होतं. आठवण कधी आणि कशी साठली ते तिच्या थरांवरून सांगणारं यंत्र; वर्तमानपत्रात त्याला सगळे 'टोपी' म्हणत. गेल्या वर्षीच अपिलात तो पुरावा वापरायला परवानगी मिळाली होती, पण एका अटीवर. साक्षीदारावर कुठलीही सक्ती करायची नाही.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी गुपचूप जाईन," तबस्सुम म्हणाली. "अपील बहुतेक फेटाळलं जाईल. पोरगा सत्तावीस वर्षांचा आहे."

ती गेल्यावर पद्मलने आतून विचारलं, "काय म्हणत होती ती वकिलीण?"

"टोपी घाला म्हणते."

"मग घाला की. तुम्हाला तर खात्री आहे."

ते खरंच होतं. त्यांना खात्री होती. पण खात्री असलेलं कुलूपही ते रोज ओढून बघत आले होते. त्यांनी संमती दिली.

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत डॉ. नीलांबरी शेवडे नावाच्या चाळिशीच्या बाई होत्या. यंत्र म्हणजे खरंच एक जाड टोपी होती, आतून मऊ, वरून असंख्य बारीक तारा निघालेली. ती डोक्यावर बसवता बसवता त्या बोलत होत्या.

"मगदूमसाहेब, चेहरा ओळखीचा वाटणं हे मेंदूचं एक काम, आणि तो कुठे बघितला ते आठवणं हे दुसरं. दोन्ही कामं वेगवेगळ्या खात्यांत चालतात, आणि खात्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. पहिलं खातं 'हा ओळखीचा' म्हणून ओरडतं. दुसऱ्याला पत्ता सापडला नाही, की ते जवळचा कुठलातरी पत्ता चिकटवून देतं. आणि माणसाला दोन्हीची सारखीच खात्री वाटते."

"मग खरं कसं ओळखायचं?"

"घराच्या भिंतीला दर दिवाळीला चुन्याचा हात बसतो ना, तसं समजा. एखादी गोष्ट आपण आठवली, की ती पुन्हा ठेवताना मेंदू तिच्यावर एक हात मारतो. सांगितली, आणखी एक हात. परेड, कोर्ट, बायकोला सांगणं, शेजाऱ्याला सांगणं, सगळे हात. वरून बघणाऱ्याला एकच भिंत दिसते. हे यंत्र ती खरवडत नाही, पण कुठला हात कधीचा आणि एकूण किती, ते त्याला कळतं."

"आणि चेहरा?"

"जिवंत माणूस बघितला तर त्याच्या चेहऱ्याबरोबर हालचाल साठवली जाते. ओठ, भुवया, मानेचा झोल. दोन डोळ्यांनी बघितलेली खोलीही साठते. फोटो बघितला तर यातलं काही नसतं. चेहरा सपाट राहतो. तुम्हाला स्वतःला हा फरक जाणवत नाही, यंत्राला जाणवतो. चित्र मात्र त्याला दिसत नाही हं. तुमच्या मनात काय आहे ते मला कळणार नाही, ते कसं साठवलंय एवढंच कळेल."

आधी त्यांना पद्मलचा चेहरा दाखवला, मग त्यांनी फक्त छायाचित्रातच बघितलेल्या एका जुन्या पुढाऱ्याचा. यंत्राने दोन्ही बरोबर ओळखले. पद्मलच्या चेहऱ्यावर इतके थर निघाले की डॉक्टरबाई म्हणाल्या, "संसार दिसतोय." मग समर्थचा चेहरा आला. मग त्या दुपारबद्दल प्रश्न सुरू झाले, अगदी आडवळणाचे. ऊन कुठल्या बाजूला होतं, हाताखाली काय होतं, आवाज कसला येत होता.

निकाल सांगताना डॉक्टरबाईंनी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून घेतली.

"वरचे थर जिवंत आहेत. कोर्ट, परेड. तिथे तुम्ही त्याला समोर बघितलंत. त्यांच्याखाली त्या दुपारचा थर आहे. तिथे एक माणूस पळतोय, त्याला हालचाल आहे, खोली आहे. पण चेहरा सपाट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे धड तिथलं आहे, चेहरा तिथला नाही. तो चेहरा त्या दुपारच्या आधीपासून तुमच्याकडे आहे. लहान. तुमच्यापेक्षा उंचावर, थोडा डावीकडे, उन्हात. बघताना तुम्ही बसलेले आहात. आजूबाजूला तशीच लहान लहान डोकी आहेत. आणि तो एकदा नाही, शेकडो वेळा बघितलाय."

सुकुमारच्या डोळ्यांपुढे त्यांचा स्टुलावरचा कोपरा आला. काउंटरमागे बसलं की समोर विजेचा खांब आणि त्यावर टांगलेला फ्लेक्स दिसायचा. शहरभर जाहिरातींचे चकाकणारे पडदे आले तरी तरुण मंडळांचा जीव अजून फ्लेक्सवरच होता. पडद्यावरचा चेहरा क्षणात बदलतो, फ्लेक्सवरचा महिनाभर चौकात राहतो. नेत्याचा वाढदिवस आला की वर नेता हात जोडून हसतो, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगाच्या रांगा. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी ते नुसते बसून ती डोकी बघत असत. बघत असत असंही म्हणता येणार नाही. डोळे तिकडे असत.

"फ्लेक्स," ते म्हणाले. "खालची शेवटची रांग."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. त्यांना बहुधा हे उत्तर नवं नव्हतं.

"मग खरा चेहरा कुठाय?"

"तो तुमच्याकडे नाहीच. त्याने रुमाल बांधला असेल, किंवा तुम्ही तिकडे बघतच नव्हता. मेंदूला मोकळी जागा आवडत नाही, त्याने हाताशी होता तो चेहरा बसवला. एक लक्षात घ्या. समर्थ तिथे नव्हता, असं यंत्र म्हणत नाही. तुम्ही त्याला तिथे बघितलेलं नाही, एवढंच म्हणतं. यंत्र खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलतं."

मग त्या म्हणाल्या, "त्या दुपारच्या थरात एक चेहरा मात्र जिवंत आहे. पूर्ण हालचालीसकट. अभिनंदनचा. तुम्ही त्याच्याकडे बघत होता. आणि त्यावर एकही हात बसलेला नाही, कारण सगळे तुम्हाला दुसऱ्याच चेहऱ्याबद्दल विचारत राहिले. पुन्हा तपास झाला तर हा थर कामाचा आहे. तो कुणाकडे बघत होता, काय बोलला, काहीही मिळू शकतं. तोवर कुणाला सांगू नका. शक्यतो आठवूही नका."

"आठवू नका म्हणजे कसं?"

"अवघड आहे," त्या म्हणाल्या. "आणि हा अहवाल तुमचा आहे. तुम्ही सही केलीत तरच कोर्टात जाईल. नाहीतर पुसून टाकायचा, असा नियम आहे. मी कुणाला काही सांगणार नाही."

सही न करता ते गावी परतले.

पद्मलने सगळं ऐकून घेतलं. ती एवढंच म्हणाली, "आता तुम्हालाच कळणार, मला काय कळतंय त्यात?" पण दोन-तीन दिवस ताट तसंच परत जायला लागलं तेव्हा ती वैतागली. "ओ, तो पोरगा तिकडं तुरुंगात जेवतोय, तुम्ही इथं उपाशी. कुणाला काय उपयोग? सरोजक्काला जाऊन सांगा एकदा. तिच्यापासून लपवून सही केलीसा तर ती जन्मात तोंड बघणार नाही."

"आणि सांगून केली तर?"

"तरी बघणार नाही. पण तुमची मान ताठ राहील."

सरोजक्का गच्चीवर सांडगे घालत होती. सुकुमार उन्हातच उभे राहिले आणि जे झालं ते त्यांनी सांगितलं. ती सांडगे घालायची थांबली नाही.

"मशीन म्हणतंय, मी त्याला तिथं बघितलं नव्हतं, अक्का."

"मशीन हुतं व्हय तिथं?"

"नव्हतं."

"मग? तुमी हुतासा."

त्यांनी फ्लेक्सचं सांगितलं, चुन्याच्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, "सही न्हाई केली तर?"

"अहवाल पुसतील. तो आत राहील."

"मग ऱ्हाऊ दे की."

"तो नसला तर?"

"आन् असला तर?" आता ती उठली. पिठाचे हात तसेच लोंबत होते. "अण्णा, मी रोज सकाळी उठून त्याच्या तोंडाला शाप देती आणि मग च्या पिती. त्याच्यावर दिवस ढकलती मी. एक तोंड पायजे माणसाला, समोर धराय. तुमी तेवढं बी काढून न्यायला आलासा व्हय?"

"अक्का, दुसऱ्या कुणाचं तरी तोंड..."

"जावा तुमी. ऊन लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोल्हापूरला जाऊन सही केली. का केली, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. आपण फार मोठं काही करतोय असं त्यांना वाटत नव्हतं. कुलूप उघडं आहे हे हाताला कळल्यावर तसंच पुढे चालत जाणं त्यांना जमलं नसतं, एवढंच.

सुनावणीला ते मागच्या बाकावर बसले होते. तबस्सुमने फ्लेक्स छापणाऱ्याकडून जुनी फाइल मिळवली होती. मोठ्या पडद्यावर हात जोडलेला नगरसेवक आला, खाली शुभेच्छुक, आणि शेवटच्या रांगेत, टोकाकडून तिसरा, समर्थ लोहार. गॉगल केसांवर चढवलेला, हसरा. घटनेच्या आधी महिनाभर हा फ्लेक्स मगदूमांच्या दुकानासमोर टांगलेला होता.

सरकारी वकील जुने, मुरलेले होते. ते म्हणाले, "म्हणजे महाराज, या राज्यात ज्याने वाढदिवसाचा फ्लेक्स लावला त्याला खून माफ, असा कायदा होईल." कोर्टात हशा पिकला. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "डॉक्टर, खऱ्या चेहऱ्यावर हा सपाट चेहरा बसला असेल, आणि दोन्ही एकाच माणसाचे असतील, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं," डॉ. शेवडे म्हणाल्या. "यंत्राला ते सांगता येत नाही."

न्यायमूर्तींनी मान वर केली. "तुम्हाला सांगता येत नाही, साक्षीदाराला सांगता येत नाही. मग सरकारला कसं सांगता येतं?"

निकालपत्र लांबलचक होतं, पण त्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. खालच्या कोर्टाने तीन पुरावे धरले होते. चेहऱ्याचं चित्र, ओळख परेड आणि कोर्टातली ओळख. तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळले होते. न्यायमूर्तींनी म्हटलं, ते जुळणारच होते, कारण तिन्ही एकाच खांबावरून उतरले होते. एकच पुरावा तीनदा मोजला म्हणून तीन होत नाही. तो काढला की उरतं एक भांडण आणि एक गैरहजेरी. एवढ्यावर संशय घेता येतो, शिक्षा देता येत नाही. आरोपी मुक्त. पोलिसांनी पुन्हा तपास करावा. साक्षीदाराने सचोटी दाखवली, असंही एक वाक्य होतं. सुकुमारना ते वाचवेना.

गल्ली गल्लीसारखीच वागली. ज्यांनी तेव्हा पाठ होती म्हणून सांगितलं होतं ते आता म्हणू लागले, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. चहाच्या टपरीवर कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "मगदूमांकडनं गोळी घेताना दोनदा वाचून घ्या रे." सभेतली पुढची खुर्ची गेली. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. सरोजक्का रक्तदाबाची गोळी आणायला आता स्टँडपर्यंत चालत जायची, ते मात्र रोज दिसायचं. भाऊबीज आली आणि गेली. पद्मलने त्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी केली आणि दोघांनीच खाल्ली.

एका सकाळी काउंटरपाशी एक तरुण येऊन उभा राहिला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"काका, ओळखलंत?"

हा प्रश्न माणसं रस्त्यात सहज विचारतात. सुकुमारनी चिठ्ठी घेतली आणि तिच्यावरचं नाव दोनदा वाचलं.

"बाबांची गोळी पाहिजे," समर्थ म्हणाला. "दुसरीकडं मिळत होती. म्हटलं, इथंच घ्यावी. आई म्हणाली पाया पडून ये, तुम्ही सही केलीत म्हणून."

"नको, नको. पाया नको."

त्यांनी गोळ्या काढल्या, तारीख वाचली. पोरगा बोलताना त्याची डावी भुवई वर जात होती. इतक्या वेळा ओळखलेल्या या चेहऱ्याची ही सवय त्यांना आज पहिल्यांदा कळत होती.

"एक विचारू, काका?" समर्थचा आवाज खाली आला. "आता तुम्हाला काय वाटतं? मी होतो का?"

सुकुमारनी पाकीट खाली ठेवलं. 'नव्हतास' म्हणणं फार सोपं होतं. म्हणायला काहीच हरकत नव्हती. कोर्टानेही जवळजवळ तसंच म्हटलं होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"अजून पण?"

"तू होतास असं मी म्हणणार नाही. नव्हतास असं कसं म्हणू? मी बघितलंच नाही. एकदा न बघता बोललो."

"आत असताना रोज म्हणत होतो, मी नव्हतो, मी नव्हतो. बाहेर आल्यावर एक माणूस तरी म्हणेल असं वाटलं होतं." त्याने गोळ्या खिशात टाकल्या. "बरोबर आहे तुमचं. पण लई वाईट आहे." आणि तो गेला.

पुन्हा तपास करायचा आदेश एका कचेरीतून दुसरीकडे फिरत होता. सुकुमारनी दोनदा जाऊन विचारलं. पहिल्यांदा अधिकारी नेमायचा होता, दुसऱ्यांदा नेमलेल्याची बदली झाली होती. तोवर ते ती दुपार सांभाळत होते. अभिनंदनचं नाव मनात आलं की ते लगेच उठून कपाटातल्या बाटल्या पुसायला लागत. काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चालावं तसं त्यांचं चाललं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर सरोजक्का दुकानात आली. गोळी मागितली नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर टेकली.

"निकालात लिहिलंय म्हणं. वकिलीणबाईनं वाचून दाखवलं." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "तुमी माझ्या पोराकडं बघत हुतासा."

"होय, अक्का."

"मग सांगा. कसा हुता?"

सुकुमारनी तिला सगळं समजावून सांगितलं. तो थर अजून कोरा आहे. एकदा सांगितला की त्यावर हात बसेल. मग उद्या पोलिस आले, टोपी घातली, तरी कोर्ट म्हणेल हा साक्षीदार आईशी बोलून आलाय, याच्या आठवणीत आईचं मिसळलंय. कदाचित ज्याने मारलं तो त्यामुळेच सुटेल.

"म्हंजे आता लगीच सांगणार न्हाई म्हंतासा?"

"तुम्ही ठरवा. मी ठरवणार नाही. तपास झाला की मग सांगेन, शब्द देतो. किंवा आत्ता सांगतो. दोन्ही नाही होणार."

ती उठून गेली. नंतरचे कितीतरी दिवस ती रोज दुपारी यायची, बाकावर बसायची, पदराने वारा घ्यायची आणि निघून जायची. पद्मल तिला पाणी द्यायची. एकदा तिने विचारलं, "पोलिस काय म्हणत्यात?" सुकुमार म्हणाले, "फाइल वर गेलीय." ती म्हणाली, "वर म्हंजे कुठं? देवाकडं?"

मग एके दिवशी ती बाकावर बसली नाही. काउंटरला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"अण्णा, त्यो गावला तर गावला. न्हाई गावला तर माझं नशीब. तोंडं बघून बघून मी दमली आता. मला माझ्या पोराचं सांगा."

"अक्का, परत विचार करा."

"केला. सांगा."

सुकुमारनी स्टूल पुढे ओढला. डोळे मिटायचं त्यांना सुचलं नाही. समोरच्या बंद केंद्राच्या दाराकडे बघत त्यांनी त्या दुपारला पहिल्यांदा हात लावला.

"तो दारात उभा होता. हातात बॅटरी होती. जड होती म्हणून कमरेवर टेकवलेली. ऊन तोंडावर येत होतं, त्यानं डोळे बारीक केले होते. कपाळाला ग्रीस लागलेलं."

"कुठं?"

"इथं. उजवीकडं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मोकळ्या हातानं खूण केली. चहा सांगू का, म्हणून. रोज करायचा ना, तसं."



"मग?"

"मी मान हलवली. सांग म्हणून."

"मग?"

"मग मी खाली बघितलं. पाकिटावरची तारीख वाचत होतो. ओरडणं ऐकलं म्हणून वर बघितलं तर एक माणूस पळत होता, पाठमोरा." ते थांबले. शब्द सापडत नव्हता म्हणून नव्हे, पुढे काहीच नव्हतं. "मधलं मी बघितलेलं नाही, अक्का. कधीच नाही."

आत पद्मलच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला होता.

"च्या सांगणार हुता," सरोजक्का म्हणाली.

"होय."

"परत सांगा. पयल्यापास्नं."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. दार, बॅटरी, ऊन, ग्रीस, हाताची खूण. या वेळी खूण करताना अभिनंदन हसला होता असं त्यांना वाटलं. ते त्यांनी सांगितलं नाही.